जुन्या ट्रॅक्टरला नवा एसी कॉम्प्रेसर: बसवण्याआधी जुना का गेला ते शोधा

गोव्यातल्या सांगे भागातल्या एका ऊस बागायतदाराने विचारलंय: "लिलावात घेतलेला परदेशी बनावटीचा जुना ट्रॅक्टर आहे. केबिन बंदिस्त, काचा उघडत नाहीत, त्यामुळे एसीशिवाय आत बसता येत नाही. गेली दोन वर्षं दर हंगामाला गॅस भरून घेत होतो. या खेपेस कॉम्प्रेसर जाम झाला, बेल्टमधून धूर आला. स्टिकरवर आर-१२ लिहिलंय. दुकानदाराने नवा सात सिलिंडरचा कॉम्प्रेसर दिलाय. तो जुन्यापेक्षा आखूड आणि हलका आहे, पाइपांची तोंडंही वेगळी आहेत. ब्रॅकेट करून बोल्ट मारले आणि गॅस भरला की झालं ना? एक जण म्हणतो आर-१२ मिळतो, तोच भरा."

नाही, तेवढ्याने होणार नाही. आर-१२ तर अजिबात भरू नका.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: दर हंगामाला गॅस भरून घेत होतो. कॉम्प्रेसर का मेला याचं उत्तर त्यातच आहे. एसीत कॉम्प्रेसरसाठी वेगळी तेलाची टाकी नसते. तेल गॅसबरोबर सगळ्या पाइपांतून फिरतं आणि गॅसबरोबरच परत येतं. गॅस गळतो तेव्हा थोडं थोडं तेलही बाहेर जातं. गॅस कमी झाला की उरलेलं तेल वर छतातल्या कूलिंग कॉइलमध्ये पडून राहतं, कारण त्याला ओढून आणायला प्रवाहात जोर नसतो. गॅस भरणारा माणूस गॅस भरतो, गळती शोधत नाही, तेल मोजत नाही. दोन हंगाम असे गेले की पिस्टन कोरडे पडतात. आता नवा कॉम्प्रेसर त्याच गळक्या आणि जुन्या कचऱ्याने भरलेल्या पाइपांना जोडला, तर त्याचंही तेच होईल, आणि या वेळी दोन वर्षंही लागणार नाहीत.

मी डिचोली-उसगाव पट्ट्यात खाणीवरच्या एक्स्कॅव्हेटर आणि टिपरांच्या केबिनचे एसी करत आलोय. २०१२ साली खाणी थांबल्या, तेव्हापासून ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरची कामं जास्त येतात. सगळीकडे अनुभव एकच: कॉम्प्रेसर बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण तो टिकावा म्हणून जे करायचं त्याला दोन दिवस लागतात, आणि लोक नेमकं तेच टाळतात.

तेव्हा आधी जुन्या कॉम्प्रेसरकडे या. तो भंगारात देऊ नका. पाइप सोडवल्यावर तो उलटा करून आतलं तेल काचेच्या मापात काढा. औषधाच्या बाटलीबरोबर येतं तसं मिलीच्या खुणा असलेलं माप चालेल. किती निघालं ते लिहून ठेवा, मग दोन थेंब पांढऱ्या फडक्यावर टाकून उन्हात बघा. तेल स्वच्छ पण अगदी चमचाभर निघालं, तर गळतीने उपासमार झाली. काळं आणि करपल्यासारखा वास असलेलं निघालं, तर कॉम्प्रेसर प्रमाणाबाहेर तापत होता, म्हणजे कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) तुंबला असेल किंवा त्याच्यावरून हवा खेळत नसेल. राखाडी असेल आणि फडकं हलवल्यावर बारीक चमक दिसली, तर ते ॲल्युमिनियमचं चूर्ण आहे, आणि ते फक्त कॉम्प्रेसरमध्ये नाही, पुढे कंडेन्सरपर्यंत गेलेलं आहे. तपकिरी, गंजाच्या रंगाचा चिकट गाळ दिसला, तर आत पाणी शिरलं होतं. जाम झालेल्या कॉम्प्रेसरमध्ये चमक बहुतेक वेळा सापडतेच. ती सापडली की पुढचं सगळं काम ठरून गेलं.

गळती कुठे आहे हेही डोळ्यांनी बऱ्यापैकी कळतं. जिथून गॅस जातो तिथे तेल येतं, तेलावर धूळ बसते. सांध्याभोवती काळपट ओला डाग दिसला की तिथे बोट ठेवा. कॉम्प्रेसरचं पुढचं शाफ्ट सील, होजच्या टोकाचा दाबलेला भाग आणि कंडेन्सरचा खालचा कोपरा या तीन जागा आधी बघा. किनाऱ्याजवळ राहिलेल्या यंत्रांत कंडेन्सरचे पत्रे खाऱ्या हवेने पांढरे पडून हाताला भुगा लागतो. असा कंडेन्सर धुऊन वाचत नाही, बदला. सांगे आतल्या भागात आहे, पण लिलावाचा ट्रॅक्टर आधी कुठे उभा होता कोण जाणे.

आता आर-१२ बद्दल. हा गॅस ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार जगभर बंद होत गेला. भारत १९९२ मध्ये त्या करारात आला आणि इथलं उत्पादन १ ऑगस्ट २००८ पासून थांबलं. म्हणजे आज कुणी तुम्हाला आर-१२ म्हणून डबा दाखवत असेल, तर आत काय आहे याची खात्री तो स्वतःही देऊ शकत नाही. स्वस्त डब्यांत स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचं मिश्रण भरलेलं असतं. ते गारवा देतं, पण पेट घेतं. उसाच्या वाळलेल्या पाचोळ्यात, तापलेल्या इंजिनाच्या वरच्या होजमध्ये तसला गॅस मी कुणालाही भरू देणार नाही. आर-१२च्या जागी आलेल्या आर-१३४ए गॅसच्या नकली डब्यांचा धोकाही खरा आहे. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या शीतकंटेनरांत मिथाइल क्लोराइड मिसळलेला गॅस भरला गेला होता. त्याची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन कॉम्प्रेसर फुटले, माणसं मेली. म्हणून सीलबंद, नावाजलेल्या कंपनीचा डबा घ्या, बिल घ्या.

जुना आर-१२ थोडा उरला असेल तर व्हॉल्व्ह दाबून हवेत सोडू नका. पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जास्त जोरदार आहे. गाड्यांच्या एसीचं काम करणाऱ्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गॅस ओढून घेणारं मशीन असतं, तिथे न्या. आणि पाइप सोडवताना गॉगल घाला. द्रवरूप गॅस डोळ्यात उडाला तर डोळा गोठतो.

तुम्ही आर-१३४एवर जा. त्यासाठी नवा कॉम्प्रेसर योग्यच आहे, पण बसवण्याआधी त्याच्या चार गोष्टी तपासा.

पहिली, व्होल्टेज. आपल्याकडे ही चूक फार होते, कारण खाण पट्ट्यातल्या दुकानांत टिपर आणि एक्स्कॅव्हेटरचे २४ व्होल्टचे कॉम्प्रेसर पडून असतात, आणि बाहेरून ते १२ व्होल्टवाल्यासारखेच दिसतात. तुमचा ट्रॅक्टर १२ व्होल्टचा असेल आणि कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणाऱ्या चुंबकी क्लचची कॉइल २४ व्होल्टची असेल, तर चुंबकाला पाव ताकद मिळते. क्लच कधी ओढतो, कधी घसरतो, घसरला की तापतो, आणि माणूस गॅस कमी आहे समजून अजून गॅस भरत बसतो. मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजा. १२ व्होल्टची कॉइल साधारण ३ ते ४ ओहम दाखवते, २४ व्होल्टची १२ च्या पुढे. एका मिनिटाचं काम आहे, दुकानातच करा.

दुसरी, पुली. बेल्टच्या खाचा जुळल्या पाहिजेत. एक व्ही, दोन व्ही की सहा-आठ बारीक खाचांचा चपटा बेल्ट, ते बघा. तुमचा जुना कॉम्प्रेसर लांबट, गोल आणि एका हाताने उचलवत नाही इतका जड असेल, तर तो बहुधा डेल्को कंपनीचा ए-६ प्रकार. त्याची क्षमता सुमारे २०६ सीसी. त्याच्या जागी येणारा सात सिलिंडरचा सँडेन पद्धतीचा कॉम्प्रेसर १५५ सीसीचा. क्षमता कमी वाटते, पण फेऱ्यांनी बरीच भरून निघते. समजा क्रँकची पुली २० सेंटिमीटरची आणि कॉम्प्रेसरची १३.२ ची. म्हणजे इंजिन मिनिटाला २२०० फेऱ्यांवर असताना कॉम्प्रेसर सुमारे ३३०० वर फिरेल, आणि हे छोटे कॉम्प्रेसर तेवढा वेग आरामात झेलतात. फार मोठी पुली लावली तर सावकाश चालताना गारवा मिळणार नाही.

तिसरी, आतलं तेल. लेबल वाचा. आर-१३४एसाठी पीएजी नावाचं कृत्रिम तेल लागतं. जुन्या आर-१२च्या यंत्रणेत खनिज तेल असतं, आणि ते आर-१३४एत विरघळत नाही. ते कूलिंग कॉइलच्या तळाशी चिखलासारखं बसून राहतं आणि कॉम्प्रेसरकडे परत येत नाही. पाइप शंभर टक्के धुता येणार नसतील, तर एस्टर तेल घ्या, ते जुन्या तेलाच्या अंशाशी जास्त जुळवून घेतं. पण ते कॉम्प्रेसर बनवणाऱ्याला मान्य आहे का ते आधी विचारा, नाहीतर वॉरंटी जाते.

चौथी, पाइपांची तोंडं. इथे जुगाड नको. जुन्या होजची टोकं कापून नव्या तोंडाची फिटिंग हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घ्या. फोंड्याला, मडगावला होज बनवणारे आहेत. पण त्यांना स्पष्ट सांगा की एसीचा होज हवा, आत नायलॉनचा थर असलेला. हायड्रॉलिकचा होज चालत नाही. आर-१३४एचे रेणू लहान असतात, जुन्या साध्या रबरातून ते झिरपतात. होज दहा-पंधरा वर्षांचे असतील तर नुसती टोकं बदलू नका, सगळेच नवे करा. पुन्हा दर हंगामाला गॅस भरायची पाळी येऊ नये म्हणूनच हा खर्च आहे.

ब्रॅकेट हा वेगळाच विषय आहे, आणि वेल्डर कितीही चांगला असला तरी त्याच्यावर सोडून देऊ नका. कॉम्प्रेसरचे कान ॲल्युमिनियमचे असतात. कान आणि ब्रॅकेट यांच्यात फट राहिली आणि ती बोल्ट आवळून मिटवली, तर त्या क्षणी काही दिसत नाही, पण महिनाभराच्या थरथरीने कान तडकतो. फट असेल तिथे बरोबर जाडीचं वॉशर घाला. सगळे बोल्ट आधी हाताने बसले पाहिजेत, मग आवळायचे. ब्रॅकेटची भोकं लंबगोल झाली असतील तर भरून पुन्हा पाडा. पुली एका रेषेत आहे का ते सरळ पट्टी लावून बघा, किंवा क्रँकच्या पुलीवरून दोरा ताणून धरा. दीड मिलिमीटरपेक्षा जास्त सरक असेल तर बेल्ट कडेने खात जातो आणि क्लचच्या बेअरिंगवर तिरका भार येतो. तेल भरायचा बूच वर येईल असा कॉम्प्रेसर धरा. जास्त तिरपा बसवायचा असेल तर किती चालतो ते त्याच्या कागदात असतं.

क्लचची चकती आणि पुली यांच्यातली फट फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजा. ०.४ ते ०.८ मिलिमीटर असावी, चारी बाजूंनी सारखी. नवा कॉम्प्रेसर बरोबर लावून येतो असं समजू नका, वाहतुकीत आपटलेला असू शकतो. जास्त असेल तर आतलं शिम, म्हणजे पातळ चकती, काढून कमी करता येते.

आता धुलाई. तेलात चमक दिसली असेल तर हा भाग वगळायचा नाहीच. धुवायचे फक्त पाइप, होज आणि कूलिंग कॉइल. कॉम्प्रेसर, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा) धुवायचे नसतात. ड्रायर आणि व्हॉल्व्ह सरळ नवे घाला. कंडेन्सर जुन्या पद्धतीचा असेल, म्हणजे एकच जाड नळी वळत वळत खाली गेलेली, तर तो धुता येतो. बारीक समांतर नळ्यांचा असेल तर चूर्ण त्या नळ्यांत अडकतं, निघत नाही, बदलावाच लागतो. तसंही आर-१३४एला उष्णता बाहेर टाकायला आर-१२पेक्षा मोठा कंडेन्सर लागतो, तेव्हा समांतर नळ्यांचा नवा घातलात तर दोन्ही कामं होतील.

धुवायला एसीसाठीचंच फ्लशिंग द्रव वापरा. पूर्वी १४१बी सर्रास मिळायचं, ते ओझोनच्याच कारणाने १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे बंद झालं. आता दुसरी द्रवं मिळतात. पेट्रोल, थिनर, डिझेल कधीही नाही. रबर फुगतं, अंश आत राहतो आणि दाबाखाली तो पेटू शकतो. प्रवाहाच्या उलट दिशेने द्रव घाला, थोडा वेळ मुरू द्या, मग कोरड्या नायट्रोजनने बाहेर काढा. बाहेर पडणारं द्रव पांढऱ्या फडक्यावर घ्या, ते स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. टायरवाल्याच्या किंवा गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा वापरू नका. आपल्याकडच्या दमट हवेत त्या टाकीच्या तळाशी पाणी साचलेलं असतं, आणि तेच तुम्ही पाइपांत भराल.

इथे गोव्याचा मुद्दा येतो, आणि सगळ्यात जास्त तिथेच सांभाळायला हवं. पीएजी तेल हवेतलं पाणी झपाट्याने शोषतं. तेलाचा डबा उघडा ठेवून चहा प्यायला गेलात तर ते तेल परत वापरू नका. ड्रायरमधले दाणेही तेच करतात, त्यांचं कामच ते आहे. म्हणून नव्या कॉम्प्रेसरची बुचं होज जोडण्याच्या क्षणापर्यंत काढू नका. त्यात नायट्रोजन भरलेला असतो, बूच सावकाश सैल केलं की फुस्स आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर तो आधी कुणीतरी उघडलाय, दुकानदाराला परत विचारा. ड्रायर सगळ्यात शेवटी लावा, आणि लावला की लगेच व्हॅक्यूम पंप सुरू करा. जुलैच्या संततधारेत, उघड्या शेडमध्ये हे काम करू नका. चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, हवा कोरडी व्हायला लागते, उसाचा हंगाम सुरू होण्याआधी तुम्हाला पुरेसा वेळ आहे.

सगळ्या ओ-रिंग नव्या, आर-१३४एला चालणाऱ्या घाला. हिरवा रंग ही खात्री नव्हे, पाकिटावर वाचा. रिंगेला आणि आट्यांना खनिज तेलाचा हात लावा. पीएजी पाणी ओढतं आणि आटे धरतात. ॲल्युमिनियमच्या फिटिंगला दोन पाने लावा, एक धरायला आणि एक फिरवायला, नाहीतर नळी पिळवटते.

तेल किती घालायचं? यंत्रणा पूर्ण धुतली असेल तर ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतला एकूण आकडा धरा. नव्या कॉम्प्रेसरमध्ये किती भरून आलंय ते लेबलवर असतं, ते वजा करा आणि उरलेलं ड्रायर आणि कंडेन्सरमध्ये वाटून घाला. छतात कूलिंग कॉइल असलेल्या ट्रॅक्टरला पाइप लांब असतात, त्यामुळे गाडीपेक्षा तेल जास्त लागतं. जास्त तेल घातलं तर बरं, असं मात्र समजू नका. तेल जास्त झालं की गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरला द्रवाचा ठोका बसतो.

जोडणी झाली की कोरड्या नायट्रोजनने १५० पीएसआयपर्यंत दाब देऊन साबणाच्या फेसाने प्रत्येक सांधा बघा. सिलिंडरला रेग्युलेटर असल्याशिवाय नाही, आणि ऑक्सिजन तर कधीच नाही, तेलाला ऑक्सिजन लागला तर स्फोट होतो. दाब तासभर हलला नाही की नायट्रोजन सोडा आणि पंप लावा.

व्हॅक्यूमबद्दल लोक फार हलगर्जी असतात. पंप वीस मिनिटं लावतात, काटा खाली गेला की झालं. काटा खाली गेला म्हणजे हवा गेली, पाणी नाही. पाणी काढायचं तर ते आतल्या आत उकळून वाफ झालं पाहिजे. ३० अंश तापमानाला पाणी उकळायला दाब सुमारे ४२ मिलिबारपर्यंत उतरावा लागतो, म्हणजे समुद्रसपाटीला गेजवर साधारण २८.७ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम. तुमचा पंप थकलेला असेल आणि २७ इंचांवर अडत असेल, तर तो रात्रभर चालवलात तरी पाणी जसंच्या तसं आत. पंपाचं तेल बदला, मग २९ च्या वर जाईल. मायक्रॉन गेज (खोल व्हॅक्यूम मोजणारं मीटर) मिळालं तर ५०० मायक्रॉनच्या खाली आणा. किमान तासभर चालवा, उन्हात चालवलात तर अजून चांगलं. मग व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास काटा बघत बसा. काटा हळू वर येऊन एका जागी थांबला तर आत अजून ओल आहे, पंप पुन्हा लावा. थांबतच नसेल तर गळती आहे.

गॅस वजनाने भरायचा, अंदाजाने नाही. ड्रायरवरच्या तपासकाचेतल्या बुडबुड्यांवरून भरायची जुनी सवय आर-१३४एला लागू पडत नाही, बुडबुडे जाईपर्यंत भरलात तर जास्तच भराल. स्टिकरवरच्या आर-१२च्या वजनाच्या ८० टक्क्यांनी सुरुवात करा. उदाहरणार्थ स्टिकर २ किलो म्हणत असेल तर १६०० ग्रॅम. नंतर प्रेशर बघून थोडं थोडं वाढवा, ९० टक्क्यांच्या पुढे सहसा जावं लागत नाही. पण कंडेन्सर बदलला असेल, तर त्याच्या आकाराप्रमाणे वजन बदलतं, तेव्हा टक्क्यांपेक्षा प्रेशरवर भरवसा ठेवा. इंजिन चालू असताना फक्त लो साइडने (कमी दाबाच्या बाजूने), डबा उभा धरून, म्हणजे वायू आत जाईल, द्रव नाही. इंजिन चालू असताना हाय साइडचा (जास्त दाबाच्या बाजूचा) व्हॉल्व्ह उघडू नका, डबा फुटेल.

इंजिन सुरू करण्याआधी क्लचची पुढची चकती हाताने किमान दहा फेरे फिरवा. नव्या कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये तेल साचलेलं असतं, ते बाजूला होऊ दे. पहिल्याच फटक्यात क्लच लागला तर व्हॉल्व्हची पाती तुटू शकते. मग इंजिन सावकाश ठेवून एसी दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद असं पंधरा-वीस वेळा करा, म्हणजे क्लचचे नवे पृष्ठभाग एकमेकांत बसतात. त्याच वेळी क्लचच्या तारेवर व्होल्टेज बघा. बॅटरीवर १३.८ आणि तारेवर ११.५ असेल, तर मधली वायर, स्विच किंवा थर्मोस्टॅट खाल्लेला आहे. जुन्या ट्रॅक्टरवर मी सरळ रिले घालून बॅटरीवरून वेगळी तार आणतो, फ्यूजसकट. हाय प्रेशरचा कट-आउट स्विच नसेल तर तोही घाला. पाचोळ्याने कंडेन्सर तुंबला की कॉम्प्रेसरला वाचवणारा तोच असतो.

इंजिन १५०० वर, पंखा जोरात, दारं उघडी ठेवून प्रेशर बघा. बाहेर ३३ अंश असताना लो साइड २५ ते ४० आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआय असेल तर समाधान माना. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. हाय साइड ३०० कडे चढत असेल तर भरणं लगेच थांबवा. कंडेन्सरवर पाण्याची धार सोडून बघा. प्रेशर झटकन उतरलं तर हवा कमी पडतेय. गॅस जास्त झाला असेल तर फारसं उतरत नाही. लो जास्त आणि हाय कमी, दोन्ही एकमेकांजवळ आले असतील, तर कॉम्प्रेसर दाबच करत नाहीय.

प्रेशर बरोबर असूनही आत गार वाटत नसेल तर हीटरच्या पाइपांना हात लावा. थंड देशांसाठी बनलेल्या ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये इंजिनाचं गरम पाणी येतं, आणि त्याचा व्हॉल्व्ह जुना झाला की पूर्ण बंद होत नाही. म्हणजे एकाच पेटीत एक कॉइल हवा गार करते आणि शेजारची तापवते. गोव्यात हीटर लागतच नाही. इंजिनाजवळ ते दोन्ही होज काढून एकमेकांना जोडून टाका. मला येणाऱ्या "एसी गार करत नाही" या तक्रारींतल्या कितीतरी इथेच सुटल्या आहेत, गॅसला हात न लावता. छताच्या पेटीतून पाणी जायची नळीही मोकळी करून घ्या. आपल्याकडच्या दमटपणात तिथून सतत धार लागते, नळी तुंबली की पाणी डोक्यावर आणि वायरिंगवर.

जाळीतून आत जाणारी हवा आणि एसीच्या झरोक्यातून बाहेर येणारी हवा यांत १५ अंशांचा फरक पडला तरी जुन्या केबिनला चांगलं आहे.

सर्व्हिसची, म्हणजे गॅस भरायची, तोंडं आर-१३४एची करून घ्या, लो साइड १३ आणि हाय साइड १६ मिलिमीटरची, म्हणजे पुढचा माणूस चुकूनही दुसरा गॅस जोडणार नाही. जुनं स्टिकर खरवडून नवं लावा: गॅस कोणता, किती ग्रॅम, तेल कोणतं, तारीख. बेल्ट दहा तास चालला की पुन्हा ताणा, मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे, आणि त्याच वेळी ब्रॅकेटचे बोल्ट बघा. उसाच्या दिवसांत कंडेन्सर रोज संध्याकाळी आतून बाहेर हवेने झटका. धुवायचा तर साध्या नळाच्या पाण्याने, प्रेशर वॉशरने पत्रे आडवे होतात.

मे संपला, ट्रॅक्टर शेडमध्ये गेला की त्याला विसरू नका. चार-पाच महिने एसी लागला नाही तर शाफ्ट सीलवरचं तेल खाली उतरतं, सील कोरडं पडतं आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा गळतीपासून सुरुवात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी इंजिन सुरू करून दहा मिनिटं एसी चालवा. आणि जुन्या कॉम्प्रेसरचं तेल फडक्यावर घेतलंत की त्याचा उन्हातला फोटो आणि निघालेलं माप मला कळवा. कंडेन्सर धुवायचा की बदलायचा ते मी त्यावरून सांगेन, आणि तोवर नव्या कॉम्प्रेसरची बुचं उघडू नका.